सोमवारची बिडी

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात जयवंताबाई एकवीस वर्षं लोकांचं रक्त नि थुंकी तपासत होत्या. माणसं खिडकीतून डबी आत सरकवायची आणि तोंडही न बघता निघून जायची. घरीही तेच. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. कुलूप लावणाऱ्या त्याच, काढणाऱ्याही त्याच.

म्हणून तिगावच्या मोतीरामचा सोमवार त्यांना लाखमोलाचा वाटे. उभी हयात रेल्वेच्या रुळांवर राबण्यात गेलेला हा एकटा म्हातारा. बिडी सुटली नाही तर फुप्फुसं जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ती सोडवायचं काम जयवंताबाईंवर टाकलं होतं. दर सोमवारी तो एका छोट्या यंत्रात फुंकायचा. श्वासात धूर किती, ते आकड्यात कळायचं. आकडा सहाच्या खाली आला की फाइल बंद. फुंकून झालं की दोघं बिडीवर बोलायची, मग संत्र्यांच्या बहरावर, मग उगीच कशावरही.

तीन महिने झाले, आकडा काही बाराच्या खाली उतरेना.

एका सोमवारी जयवंताबाई सकाळी स्टँडवरून येत होत्या. पांढुर्ण्याच्या बसमधून मोतीराम उतरला, टपरीवर एक सुटी बिडी घेतली आणि औषध प्यावं तसं तोंड वाकडं करून घाईघाईनं ओढली. खोकून खोकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकाजी, हे काहून करून राहिले तुमी?"

मोतीराम ओशाळला. "बाकी दिवस हात नाई लावत, बाई. दिवाळीपासून सुटली. पन आकडा उतरला का तुमी फाइल बंद करता. मंग सोमवारी मी कुठी जाऊ?"

जयवंताबाईंना राग आला, पण स्वतःचाच. त्याच्या बोटांवरचा पिवळा डाग गेलेला त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच पाहिला होता. विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सोमवार गेला असता, आणि त्या सोमवारापायी हा माणूस धूर गिळत होता.

"पुढच्या सोमवारी बिडी न पेता या," एवढंच त्या म्हणाल्या.

तो आला. फुंकला. आकडा आला दोन. जयवंताबाईंनी फाइलवर सही केली. मोतीरामनं पिशवी उचलली.

"थांबा," त्या म्हणाल्या. हात धुतले, ॲप्रन काढला आणि खिडकीशेजारचं दार उघडून बाहेर बाकावर त्याला घेऊन बसल्या. "मंग? संत्र्याचा बहर कसा आहे औंदा?"