अडलेली तबकडी

शाळेत शिकवून दमून आले की मी भावाने मुंबईहून पाठवलेली जाझची तबकडी लावायचे. सूर ऐकला की शेजारची म्हातारी सुईण गुडघे धरत यायची आणि दाराशी टेकायची. निम्मं पोलादपूर तिच्या हातावर जन्मलेलं. आता मात्र बाया महाडच्या दवाखान्यात जायच्या.

सॅक्सोफोन कण्हायला लागला की ती म्हणे, "पहिलटकरीण हाय." मागे ढोल वाजला की, "ही सासू. उगाच फेऱ्या मारते."

तबकडीवर एक ओरखडा होता. तिथे सुई अडकून सॅक्सोफोन तेच तेच विव्हळत राही. "अडली गो बाय!" म्हणत म्हातारी उठे. बाळंतीण अडली की घरात करतात तसं, माझ्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडे, ट्रंकेची कडी काढे, स्वतःचा अंबाडाही सोडे. मी हळूच सुई पुढे सरकवायचे.

"सुटली," म्हणत ती घाम पुसे. नंतर झाकणं लावताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

भावाला ओरखड्याचं कळलं, त्याने तीच तबकडी नवी धाडली. ती न अडकता शेवटपर्यंत वाजली. म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"ही आपसूक सुटली. हिला मी कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी आधी सगळ्या डब्यांची झाकणं घट्ट बसवली, मग जुनी तबकडी लावली.