जावेच्या मापाचा ओटा

माझ्या धाकट्या जावेनं लाखांदूरला घर बांधलं, तेव्हा वास्तूच्या जेवणाला मी दिघोरीहून सकाळच्याच एसटीनं गेले. मोठी जाऊ म्हणून लवकर जाणं भाग होतं. पूजा बाहेरच्या खोलीत चालली होती, पण बायका सगळ्या स्वयंपाकघरात. कोणी ओट्यावरून हात फिरवून पाहत होतं, कोणी चिमणीचं बटन दाबून. मला वाटलं, आपण तरी पाहू नये. पण पाय तिकडेच गेले.

पांढऱ्या दगडाचा लांबच लांब ओटा होता. खाली ट्रॉल्या, वर फिकट निळी कपाटं. भांडं असं एकही दिसत नव्हतं, सगळं आत. मी चमचा शोधण्याचं निमित्त केलं आणि एकेक कप्पा ओढून पाहिला. एखादा तरी अडकेल, एखादा तरी कुरकुरेल, अशी आशा होती. एकही अडकला नाही. बोटानं नुसतं ढकललं तरी सावकाश आपला आपण बंद व्हायचा.

माझा नवरा दारातून डोकावला आणि सगळ्या बायकांसमोर आपल्या भावाला म्हणाला, "काय मोकळं वाटते रे! अशा सैपाकखोलीत पाणी पेलं तरी पोट भरते."

बावीस वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवला. माझ्या स्वयंपाकखोलीबद्दल त्याच्या तोंडून बरा-वाईट एक शब्द मी कधी ऐकला नव्हता.

जाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि चांगली डोकंभर उंच. डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई तिला डाव्या हातानं वाढू देत नसत. ती मुकाट्यानं उजव्या हातानं वाढायला शिकली, पण भाजी परतायची ती डाव्याच हातानं. आणि ती भाजी सासऱ्यांना आवडायची. तिच्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं, हेच मला सोसत नसे. भांडकुदळ असती, आळशी असती, तर माझं कितीतरी काम हलकं झालं असतं.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मी नवऱ्याला म्हटलं, "औंदा धान निघाले की आपली सैपाकखोली करायची."

"करू ना," तो म्हणाला. "त्याच डिझायनरले बोलावू."

डिझायनर भंडाऱ्याचा. इस्त्रीच्या शर्टात आला, हातात लाल ठिपका सोडणारं मोजायचं यंत्र. भिंतीवर ठिपका पाडायचा, आकडा मोबाइलमध्ये लिहायचा. मी चहा घेऊन आले तर म्हणाला, "काकू, तुमची चॉइस सांगा."

जावेला तो मॅडम म्हणायचा, हे मी वास्तूच्या दिवशी ऐकलं होतं. सहा वर्षांच्या फरकात मी काकू झाले.

"लाखांदूरले केलं तसंच करा," मी म्हटलं.

"सेम?"

"सेम टू सेम. रंग तेवढा वेगळा करा."

त्याचा चेहरा एकदम खुलला. नवं काही काढायचंच नव्हतं. "मग तर कामच झालं, काकू. ड्रॉइंग तयारच आहे. त्या मॅडमनं तर पंधरा दिवस डोकं खाल्लं माझं. हे इथं काहून, ते तिथं काहून. वहीत सगळं काढून आणलं होतं त्यांनी. पण मी सांगतो, असा कस्टमर पाहिजे. काम करायले मजा येते."

मी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

दोन दिवसांनी जावेचा फोन आला. "बाई, त्याच्यासंगं बसाले मी येऊ का? बोलून घ्या लागते त्याच्याशी. नाही तर तो आपल्या मनचं करून टाकते."

"नाही, मले समजते," मी म्हटलं. "तू कायले तकलीफ घेतं?"

त्यावर ती "बरं," म्हणाली.

आमचं काम सुरू झालं तेव्हा शेतात धानाची मळणी चालू होती. मी सकाळी मिस्त्र्यांना खोली उघडून द्यायची आणि खळ्यावर जायची. एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकखोलीत अंधार. पाहते तर मागची खिडकी विटांनी बंद केलेली. त्या खिडकीतून आमची बोडी दिसायची. बोडी म्हणजे शेताला पाणी द्यायचा, मातीची पाळ घातलेला छोटा तलाव. भाजी चिरता चिरता पाळीवरून कोण येतं, कोण जातं, कोणाच्या म्हशी पाण्यात उतरल्या, सगळं मला तिथून कळायचं.

मी डिझायनरला फोन लावला. "खिडकी काहून बुजवली?"

"काकू, तिथं वरचं कपाट येते ना. लाखांदूरच्या ड्रॉइंगमध्ये तिथं खिडकी नाहीच."

खरंच नव्हती. तिच्याकडे त्या जागी सलग निळी कपाटं होती. हातपाय न धुता मी तशीच त्या अंधारात उभी राहिले. म्हणू शकले असते, विटा काढा. म्हटलं नाही. तिच्याकडे खिडकी नाही, तर मलाही नको. असंच वाटलं मला तेव्हा, खोटं कशाला सांगू.

जानेवारीत काम झालं. कपाटं फिकट पिवळी, दगड पांढरा. नवऱ्यानं नारळ फोडला, मी दूध उतू घातलं. नंतर पहिली भाजी टाकली, वांगी-आलू. सराट्यानं परतायला गेले तर कोपर भिंतीवर आदळलं. शेगडी थेट उजव्या भिंतीला लागून बसवली होती आणि सगळी मोकळी जागा डावीकडे. पुन्हा परतलं, पुन्हा कोपर. ओटाही उंच. कणीक मळायला गेले की खांदे कानापर्यंत यायचे, जोर लागायचाच नाही. वरच्या कपाटातला डबा काढायला टाचा उंच करूनही बोटं कडेलाच पोचायची.

महिनाभर मी कोणाला बोलले नाही. बोलणार तरी कोणाला? नवरा विचारायचा, "कसं वाटते?" मी म्हणायची, "मस्त." तो खळ्यावर गेला की मी जुना पोळपाट काढायची आणि खाली फरशीवर बसून पोळ्या लाटायची. उजवं कोपर काळंनिळं झालं होतं, त्यावर पदर घ्यायची. शेजारीण पाहायला आली तेव्हा तर मी एक पाऊल पुढं गेले. म्हटलं, "लाखांदूरच्या ओट्यावर हळदीचे डाग पडले म्हणतात. दगड हलका लागला तिचा." तिच्या ओट्यावर एक डाग नव्हता. मला काय सुचलं कोण जाणे. बोलून झाल्यावर बरंही वाटलं, ते जास्त वाईट.

मग एका रविवारी दीर आणि जाऊ नवे तांदूळ न्यायला आले. मी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी शिजत टाकली होती आणि दुसऱ्या बाजूला भजी तळत होते. जाऊ दारात उभी राहून पाहत होती. माझं कोपर भिंतीवर लागलं तसा झारा हलला आणि तेल शेगडीवर सांडलं.

"सरा बाई, द्या मले," ती म्हणाली आणि माझ्या हातातून झारा घेतला.

तिनं तो डाव्या हातात धरला. डावीकडं मोकळी जागा होती, तिथं तिचा हात आरामात फिरत होता. पाठ सरळ, खांदे खाली. भजी काढून तिनं ताटात टाकली, न पाहता खालची ट्रॉली ओढली आणि मिठाचा डबा काढला. वरचं कपाट उघडून ताटल्या उतरवल्या, टाचा जमिनीवरच. मी मागं उभी होते. माझ्या घरात, माझ्या धानाच्या पैशानं केलेल्या स्वयंपाकखोलीत ती अशी वावरत होती जसं ते तिच्यासाठीच केलं आहे. माझ्या अंगाचा इतका जाळ झाला की वाटलं, हिला खांद्याला धरून बाहेर काढावं.

तेवढ्यात ती थांबली. शेगडीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझं कोपर उघडं होतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा ओटा माझ्या मापाचा आहे. अन् शेगडी मी डाव्या हातासाठी तिकडं सरकवून घेतली होती. त्यानं तुम्हाले विचारलं नाही?"

"विचारलं होतं," मी म्हटलं. "मलेच असं पाहिजे होतं."

तिनं गॅस बारीक केला आणि भजी बाहेर नेऊन दिली.

ती गेल्यावर मी डिझायनरला फोन करायला लागले. पहिल्यांदा म्हणाला, "उद्या येतो." नंतर म्हणाला, "साकोलीले काम चालू आहे, ते झालं की येतो." मग "येऊनच राहिलो, काकू," आणि आला कोणीच नाही. तीन आठवड्यांनी उगवला. मी त्याला शेगडीपुढं उभं केलं आणि परतून दाखवलं. कोपर मुद्दाम जोरात आपटलं.

"काकू, तुम्हीच म्हटलं होतं ना, सेम टू सेम."

"म्हटलं होतं. पण तुमाले डोळे नाही का? ती केवढी, मी केवढी! भिंती मोजल्या, मले मोजलं का तुमी?"

तो हसला. "त्याचं एक सोपं सोल्युशन आहे. इथं खाली लाकडी पाट करून देतो, लांबलचक. त्यावर उभ्या राहायचं. हाइट बरोबर होऊन जाईल."

"अन् कोपराचं?"

"सवय होऊन जाते, काकू."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात. "या तुमी," म्हटलं. तो गेल्यावर मी त्या उंच ओट्यावर डोकं टेकून रडले. राग त्याचा होताच, पण माझाही होता. जिनं पंधरा दिवस त्याचं डोकं खाल्लं तिला तिच्या अंगाचा ओटा मिळाला, आणि मी चार शब्दांत काम उरकलं होतं.

रात्री नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. जावेला ते त्यानंच सांगितलं असावं. दोन दिवसांनी सकाळी दारात गाडी थांबली. डिझायनर उतरला, त्याच्या मागून दगड कापणारा मिस्त्री, आणि मागच्या सीटवरून माझी जाऊ. मी किती फोन केले होते, किती वाट पाहिली होती. तिनं एक फोन केला आणि तो मिस्त्र्यासकट हजर. तिचे उपकार मानायचे सोडून माझ्या मनात पहिली गोष्ट हीच आली.

"नमस्कार, मॅडम," तो मला म्हणाला. कोणीतरी गाडीत शिकवून आणलं होतं.

जावेनं पर्समधून शिवणाचा टेप काढला. "बाई, सरळ उभ्या राहा. आता हात कोपरात वाकवा. असा." तिनं माझ्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप सोडला, गुडघ्यावर बसून खालचा आकडा वाचला आणि डिझायनरला सांगितला. "याच्या चार बोटं खाली ओटा पाहिजे. लिहा." मग माझा हात वर करायला लावला आणि बोटं कुठवर पोचतात तिथं भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. "कपाटाचा खालचा कप्पा याच्या खाली यायले पाहिजे. हेही लिहा."

तो लिहीत होता. पंधरा दिवस यानं तिचं असंच ऐकलं असेल, असं मला वाटलं. तिची बोटं माझ्या दंडाला लागत होती, थंड होती. माझं माप घ्यायला कोणी असं कधी बसलं नव्हतं, एक ब्लाउज शिवणारी सोडली तर.

"शेगडी कुठं पाहिजे?" डिझायनरनं तिला विचारलं.

"मले काय विचारता? त्यांले विचारा."

मी जागा दाखवली. उजवीकडं हातभर मोकळं ठेवायला लावलं. आणि खिडकी उघडायला सांगितली. तो म्हणाला, वरचं कपाट काढावं लागेल. मी म्हटलं, काढा.

काम आठ दिवस चाललं. ओटा खाली घेतला, पण दगड काढताना मधोमध तडकला. आता तिथं जोड आहे, त्यात पीठ भरतं आणि मला रोज काडीनं काढावं लागतं. खिडकी पूर्वीएवढी झाली नाही, अर्धीच. बोडीचं पाणी दिसतं, पाळीवरून येणाऱ्या माणसाचं डोकं तेवढं दिसत नाही. काढलेलं पिवळं कपाट गोठ्यात ठेवलं आहे, त्यात जनावरांची ढेप ठेवतो. पण कणीक मळताना खांदे जागेवर राहतात, आणि कोपराला आता काही लागत नाही.

होळीच्या आधी जाऊ काम पाहायला आली. त्याच वेळी शेजारीणही आली. शेजारणीनं ओट्यावर हात ठेवून पाहिला, खिडकीतून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आता मस्त झालं बाप्पा! कोणी सांगितलं असं कराले?"

जाऊ माझ्या शेजारीच उभी होती. मला नुसतं बोट करायचं होतं.

"मीच सांगितलं," मी म्हटलं. "त्या डिझायनरले काय समजते?"

बोलताना मी जावेकडं पाहिलं नाही. वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. बोलावंच हिनं, एकदा तरी हिनं माझ्यासारखं वागावं. ती शेजारणीला म्हणाली, "हाव ना. बाईले यातलं पक्कं समजते." आणि वाटाणे सोलायला खाली बसली.

तिच्या जागी मी असते तर मला हे बोलता आलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला. मी तिच्यासमोर टोपलं सरकवलं आणि चहाचं आधण ठेवलं.