फाईलमधली रिकामी ओळ

"जित्या माणसाला घरी न्या म्हंतासा? भाताचं पोतं हाय व्हय रं ह्ये?"

आवाज उचगावच्या बाळूअण्णांचा. वॉर्डातल्या सलाईनच्या बाटल्या हलल्या. पार सदलगा गावापर्यंत ऐकू गेला असणार, शपथेवर सांगतो. त्यांचे थोरले भाऊ मारुतीआप्पा पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीवरून पाठीवर पडलेले. ऑपरेशनला चार दिवस झाले, तरी पाय हलत नव्हते. माझा ज्युनियर डॉक्टर संजू, त्यानं फाईलवर 'ए' लिहिलं आणि आता आशा नाही, घरी न्या म्हणून सांगून टाकलं.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कण्यातून खाली उतरलेली केबल. तिला मार बसला की आम्ही ए ते ई अशी ग्रेड देतो. ए म्हणजे केबल पूर्ण बंद. ई म्हणजे सगळं ठीक. मधल्या तीन ग्रेडमध्ये काहीतरी चालू असतं, आणि तिथंच आशा असते. पण नुसते पाय बघून ए लिहिता येत नाही. केबलची शेवटची तार गुदद्वाराशी येते. तिथं टाचणी टोचून बघायची, मग बोट घालून 'कळतंय का?' म्हणून विचारायचं.

फाईलमधली नेमकी ती ओळ रिकामी.

"संजू, हे काय?"

"सर... मामा आहेत माझे. आईचे सख्खे थोरले भाऊ. पाया पडतो मी त्यांच्या."

"म्हणून पायापर्यंतच तपासलंस?"

पडदा ओढला. हातमोजा चढवला. आप्पांना कुशीवर वळवलं.

"आप्पा, काय कळतंय?"

आप्पांनी डोळे मिटले. पडद्याबाहेर बाळूअण्णा चक्क हळू आवाजात देवाचं नाव घेत होते, हा तर चमत्कारच.

"कळतंय की. बोट हाय. काढा आता."

'ए' खोडून 'बी' लिहिलं. हालचाल नाही, पण जाणीव आहे. बी म्हणजे माणूस चालेलच असं नव्हे. पण त्याला घरी धाडायचं नसतं, व्यायामाला लावायचं असतं.

सात महिन्यांनी आप्पा वॉकर धरून माझ्या खोलीच्या दारापासून खुर्चीपर्यंत आले. वीस पावलं असतील. मी लोकांना दोनशे सांगतो. एक मात्र न वाढवता सांगतो: जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर 'नाही' असं लिहू नये.

संजू वाकून त्यांच्या पाया पडला. "मामा, चुकलो. तुमाला कसं तपासू, लाज वाटली मला."

आप्पा खुर्चीत टेकले. म्हणाले, "मला इचारायचं व्हतंस."