साधे पंधरा दिवस

डॉक्टरीणबाईंनी माझ्या ईसीजीचा कागद नीट पाहिला आणि हृदय उत्तम आहे म्हणून सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी हिरमुसले. हृदय उत्तम, तर मग स्कूटर हायवेला लागली की छातीत ढोल कोण बडवतं?

मी नशिराबादला एका शाळेत गणित शिकवते. जळगावहून जायचं म्हणजे काही मोठा प्रवास नाही. पण त्या वर्षी घरातून निघायच्या आधीच हातांना घाम सुटायचा, आणि वर्गात फळ्याकडे वळले की आता आपण धाडकन पडणार असं वाटायचं. पडले एकदाही नाही, त्यामुळे कुणाला सांगताही येईना. स्कूटर घरी ठेवून रिक्षा सुरू केली. मग सुट्ट्या सुरू केल्या. नोकरीच सोडावी असं मनात यायला लागलं, आणि शिकवण्याशिवाय मला दुसरं काही धड येत नाही, आवडतही नाही. मी खरोखर घाबरले होते.

डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर एक प्रश्नावली पाठवली. 'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस पुढील त्रास कितपत जाणवला?' असं सरकारी थाटात विचारून खाली सात प्रश्न. उत्तरं ठरलेली: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. प्रत्येक उत्तराला गुण, शेवटी बेरीज. "यावरून आजार ठरत नाही, पण बोलायला सुरुवात होते. भरा आणि या," असं त्या म्हणाल्या. चहा होईपर्यंत उरकेल असं काम होतं. पण मी ते घरी, जेवणाच्या टेबलावर करायला बसले, तिथेच चुकलं.

आमच्या घरात एकट्यानं फक्त आंघोळ करतात. समोर सासूबाई गवार मोडत होत्या. शेजारी नवरा. त्यानं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि बातम्या दिल्यासारखे प्रश्न वाचायला लागला. पहिल्याच प्रश्नाला मी 'जवळजवळ रोज' म्हटलं, तशा सासूबाईंनी गवारीची शेंग उगारली.

"थांब वं माय! ह्या पंधरा दिनमा कानबाई व्हती ना. कानबाईना दिन मोजाना नई."

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी. तिच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला, सगळे भाऊबंद एका घरात गोळा होतात, आणि त्या वर्षी ते घर आमचं होतं. भडगावकडचे सगळे चुलत, त्यांचे चुलत, आणि नातं कुणालाच नीट सांगता येत नाही असेही काही. पुरण वाटून माझे खांदे भरून आले होते.

"त्यामा कोनले बी धडधड व्हस," सासूबाईंनी निकाल दिला.

नवरा लगेच मान डोलवायला लागला. तो माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. शेतकऱ्यांना नमुना कसा घ्यायचा ते सांगण्यात त्याचं आयुष्य चाललंय. "आई बरोबर बोलतेय. नुकतंच खत टाकलेल्या जागेतली माती घेत नाहीत. बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही. नमुना साध्या जागेतला पाहिजे. तू साधे पंधरा दिवस बघ."

मी गणिताची बाई. 'गेल्या दोन आठवड्यांत' याचा अर्थ मला कळत होता. पण मला त्या बेरजेची भीती वाटत होती, त्यामुळे दोघांचं म्हणणं मला भलतंच शास्त्रीय वाटलं. मी मोबाईल काढून घेतला आणि ठेवून दिला.

मग साध्या पंधरवड्याचा शोध सुरू झाला. पोळ्याच्या वेळी सासूबाईंचा गुडघा धरला, ते दिवस बाद. गणपती बाद. त्यानंतर पितृपक्ष आला, नेमका पंधरा दिवसांचा, जसा काही या कामासाठीच मापून दिलेला. पण पितरांच्या पंधरवड्यात नवं काही सुरू करत नाहीत. "आजार नवा नाहीये, आई," मी म्हटलं. "पन कागद नवा शे ना," त्या म्हणाल्या. नवरात्रात घरी घट. दिवाळीत तर ज्याला धडधड होत नाही त्यानंच डॉक्टरकडे जावं. दरम्यान माझे ढोल वाजतच होते, आणि आता रिक्षातही वाजत होते.

दिवाळीनंतर नवऱ्याला कॅलेंडरमध्ये एक मोकळी जागा सापडली. लग्नसराईच्या आधीची. तो हरखलाच. मग दोघांनी मिळून तो पंधरवडा राखायला घेतला. टीव्हीवरच्या बातम्या बंद. भाजीत तिखट कमी. कुकरची शिट्टी झाली की नवरा माझ्या तोंडाकडे बघायचा. आणि सासूबाईंनी शिरपूरला माझ्या नणंदेला फोन करून सांगितलं, "पंधरा दिन आम्हनाकडे कोनी येवू नका. काय शे ते मांगून सांगसू."

एवढं ऐकल्यावर कोण घरी बसेल? दुसऱ्या दिवशी दुपारी नणंद, तिचा नवरा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा दारात हजर. मी पोळ्या लाटत होते. नणंदेनं मला वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि भोकाड पसरलं. "वहिनी, तुम्ही तर धडधाकट आहात!" त्या रडण्यात आनंद किती आणि निराशा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दोघं संध्याकाळी परत गेली. नवरा कॅलेंडरपाशी उभा राहून हळूच म्हणाला, "आता हेही दिवस बाद धरावे लागतील."

रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता मी लाटणं आपटलं. "साधे पंधरा दिवस नसतातच! तुमच्या शेतात साधी जागाच नाही! मला रोज भीती वाटते. कानबाईत वाटते, दिवाळीत वाटते, आत्ता वाटतेय!" आणि ओट्यापाशीच रडायला लागले.

सासूबाईंनी खुर्ची ओढली. "लई ये तो कागद. वाच," म्हणाल्या.

मी नाक पुसत मोबाईल उघडला आणि वाचायला लागले. काळजी थांबवता न येणं. मी 'रोज' म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "रोज." स्वस्थ बसवत नाही? "रोज." काहीतरी वाईट घडेल अशी भीती? "रोज." हे आवाज न चढवता, शेंगांचे दोर काढताना बोलावं तसं. मला वाटलं, माझ्याच वतीनं बोलताहेत. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि पदर छातीशी धरला होता.

"आई, हे तुमचं सांगताय?"

"मंग कोनं?"

"कधीपासून?"

"मले काय ठाऊक. मले वाटे, सगळासले असंच व्हस."

नवरा आपल्या आईकडे असं बघत होता, जणू ती त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसत होती. माझं रडू कुठल्या कुठे गेलं. इतकी वर्षं एका ओट्यापाशी दोघी उभ्या होतो, आणि मला पत्ता नव्हता. लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, जीव थोडा हलकाही झाला.

मी माझी बेरीज केली, मग त्यांची. त्यांची जास्त आली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींकडे पाहून विचारलं, "कुणाला दाखवायचंय?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे होऊन खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आधी मले. मंग हिले."