सोवळ्यातला कॅमेरा

मागच्या वर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या पाठवणीच्या दिवशी, सासूबाईंनी भर हॉलमध्ये पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या वर्षी फुलोरा माझ्याच्यानं व्हायचा नाही. हात थरथरायलेत. हिला येत नाही. मुखवटे पुण्याला जाऊ देत."

हिला म्हणजे मला. पुण्याला म्हणजे माझ्या धाकट्या जावेकडे. मी तेव्हा पाहुण्यांना मठ्ठा देत होते. पातेलं तिथंच टेबलावर आपटलं आणि आत निघून गेले. शाळेत जन्मभर गणित शिकवलं, निवृत्त झाले, पण राग काही निवृत्त झाला नाही.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे पुण्याकडच्या गौरी. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. त्यांचे पितळी मुखवटे सासूबाईंच्या सासूबाईंपासून हैदराबादेत आहेत, आणि चिक्कडपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या उभ्या राहिल्या की शेजारच्या तेलुगू बायकासुद्धा ओटी भरायला येतात. मुखवट्यांच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला कणकेचे तळलेले दागिने बांधायचे, तो फुलोरा. करंज्या, फणी, कुंकवाचा करंडा, हे सगळं मला जमायचं. वेणी जमायची नाही. तीन पेडांची वीतभर लांब वेणी, तेलात सोडली की माझी हमखास सुटायची. आणि सासूबाईंचा नियम असा, की जिला वेणी येते तिच्याच घरी महालक्ष्म्या. धाकटीच्या हाताला ती उपजतच आली.

"बघून शीक," त्या म्हणायच्या. कसं बघू? नैवेद्य सोवळ्यात होणार. सोवळ्यात बोलायचं नाही, थुंकी उडते. नैवेद्याचं सरावाला करायचं नाही. मी एक-दोनदा सोवळं नेसून त्यांच्या शेजारी बसले होते, पण त्यांची बोटं इतकी भराभर चालायची की माझी पापणी लवेपर्यंत वेणी कढईत. नंतर विचारलं की उत्तर एकच, "शेवटचं टोक नुसतं दाबायचं." मी नुसतं दाबायचे. सुटायची.

म्हणून ठरवलं, त्यांचे हात टिपून ठेवायचे आणि मग सावकाश बघायचे. फोन तर आत न्यायची सोयच नव्हती. सासूबाईंचा फोनबद्दलचा निकाल केव्हाच लागला होता, "संडासात नेता ते. माझ्या स्वयंपाकघरात नक्को."

आता आमच्या ह्यांना हर्ष झाला. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून यांच्या मनात एक मोठा कॅमेरा होता, लेन्स बदलता येणारा, त्यातला अगदी पहिल्या पायरीचा का होईना. "अगं, उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि लांबची लेन्स लावतो," हे म्हणाले. "सोवळंही मोडत नाही आणि फोटो असा येतो की कणकेतला कोंडा मोजून घे." माझ्या डोक्यात दुसराच कॅमेरा होता. छोटा, दणकट, मुठीत मावणारा. पडला तरी फुटत नाही, पाण्यात बुडवला तरी चालतो. किमतीत फार फरक नव्हता, त्यामुळे भांडण निव्वळ तत्त्वाचं उरलं.

"पाण्यात बुडवून काय करायचंय तुला? हुसेनसागरात उडी मारायचीय का?"

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं. कारण तेव्हा माझं मलाही पुरतं ठरलं नव्हतं.

हे गप्प बसणाऱ्यातले नाहीत. पितृपक्षात सासऱ्यांच्या श्राद्धाला यांनी ऑफिसातल्या जुन्या मित्राचा मोठा कॅमेरा मागून आणला आणि उंबऱ्याबाहेर तिपाई लावून बसले. आत सासूबाई सोवळ्यात वडे थापत होत्या. त्या नेहमी पूर्वेकडे तोंड करून बसतात, म्हणजे दाराकडे पाठ. यांनी सकाळभर फोटो काढले. संध्याकाळी टीव्हीला जोडून दाखवले. काय फोटो हो! पदराचं सूत न् सूत दिसत होतं. अंबाड्यातली पिन दिसत होती. हात मात्र एकाही फोटोत नव्हते.

"लेन्स चांगली आहे," हे म्हणाले.

"पाठीवर कितीही झूम केलं तरी पाठच दिसणार," मी म्हटलं. "लेन्स लांबचं बघते, वळून बघत नाही. बघायला आतच जावं लागतं."

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. आत जायचं तर धुऊन जायचं. आमच्या घरात वर्षानुवर्षं हेच चाललंय. बाजारातून नवं पातेलं आलं, की सासूबाई ते पाण्यात पूर्ण बुडवून काढतात आणि मग ते सोवळ्याचं होतं. जे बुडतं ते चालतं. अहो, मग माझा कॅमेरा बुडतोच की!

पितृपक्ष संपताच आम्ही सुलतान बाजारच्या पुढे, कोठी भागातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. हे तोंड फुगवून. दुकानदार यांच्याशी मोठ्या कॅमेऱ्याबद्दल मनापासून बोलला, दोन लेन्सा काढून काउंटरवर मांडल्या, आणि मी छोटा मागितल्यावर माझ्याकडे बघत राहिला. "अम्मा, ये तो डुबकी मारनेवालों का है. समंदर में लेके जाते. आपकू कायकू होना?"

"डुबाने कूच ले री मैं."

"समंदर में?"

"बाल्टी में."

त्याने यांच्याकडे दयेनं पाहिलं. यांनीही त्याच्याकडे तसंच पाहिलं. मी पैसे दिले. न्यायानं सांगायचं तर मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो खरंच देखणा असतो, अंधारातही स्वच्छ येतो, आणि यांची हौस मारताना मला थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

नवरात्रात घटावर बांधायला आमच्याकडे छोटा फुलोरा होतो. मला मिळणारी शेवटची संधी तीच. त्या दिवशी सकाळी मी न्हाऊन, सोवळं नेसून, कॅमेरा घेऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. त्या अजून आत गेल्या नव्हत्या, म्हणजे बोलत होत्या.

"काय करायलीस गं हे?"

"आई, नवं भांडं आणलं की तुम्ही काय करता?"

"बुडवून घेते."

"मग हे बुडवलं तर आत चालेल का?"

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ही बाई ऐंशी पार केलेली, पण आमच्या घराण्यातल्या सगळ्या वकिलांना पुरून उरेल. "चामडं आहे का त्याला?"

"नाही."

"पट्टा?"

"नायलॉनचा."

"तोही बुडला पाहिजे. वरून पाणी शिंपडून चालायचं नाही. आणि बाहेर काढल्यावर फोटो काढून दाखव. मेलेलं यंत्र मला आत नको."

सोवळ्याची पितळी बादली भरलेली होतीच. बॅटरीच्या झाकणात कणभर काही अडकलं तरी पाणी आत शिरतं असं पुस्तिकेत लिहिलं होतं, म्हणून ते झाकण मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. उंबऱ्याबाहेरून हे ओरडले, "अगं वेडी का तू! नवाकोरा आहे तो!" आणि यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मी कॅमेरा सोडला. तो सरळ तळाला गेला. हात घालून काढला, झटकला, आणि निथळत्या कॅमेऱ्यानं सासूबाईंचाच फोटो काढला. पडद्यावर त्यांचा आ वासलेला चेहरा उमटला.

सासूबाईंनी वाकून तो फोटो बघितला. "एवढे दात राहिलेत का माझे?" म्हणाल्या. मग सोवळं सावरून म्हणाल्या, "चल."

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी, त्यामुळे उजेडाच्या नावानं शंख. पण या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती बारीक दिव्यांचं कडं होतं, आणि तो अगदी बोटाच्या अंतरावरून टिपत होता. मी व्हिडिओ चालू करून तो घाबरत घाबरत लांबूनच धरला होता. सासूबाईंचं मौन सुरू झालेलं. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि कॅमेरा ओढून स्वतःच्या बोटांपाशी नेला. मग वेणी घातली, हात थरथरत असताना घातली. कणीक कॅमेऱ्यावर उडाली, तेलाचा थेंब उडाला, पण माझा हात काही हलला नाही.

दुपारी व्हिडिओ टीव्हीवर लावला. "बघ, अंधारात चित्रात कसे दाणे दाणे आलेत," हे म्हणाले.

"येऊ देत दाणे. बोटं दिसतायत."

दिसत होती! चाल अगदी मंद केली आणि मी किंचाळलेच. शेवटचं टोक सासूबाई नुसतं दाबत नव्हत्याच! ते टोक त्या मधल्या पेडाखालून घ्यायच्या, डाव्या करंगळीवरून वळवून पुन्हा वर आणायच्या, आणि मग दाबायच्या. सगळं एका झटक्यात. इतकी वर्षं मला सांगत होत्या, नुसतं दाब! मी त्यांना हाताला धरून टीव्हीपुढे बसवलं.

"आई, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा पुसला. परत लावायला सांगितलं. परत बघितलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "असं करते होय मी?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी इतक्या वर्षांचा राग आला तो वेगळाच. नेमका कुणावर काढावा ते कळेना, म्हणून यांच्यावर काढला.

त्यानंतर वर्षभर पोळ्यांच्या कणकेची रोज वेणी घालायची, मोडायची आणि त्याच गोळ्याची पोळी लाटायची. तळायची मात्र नाही, कारण देवीच्या आधी फुलोऱ्याचा आकार तळून कुणी खायचा नाही, हा नियम सासूबाईंनी सोडला नाही. म्हणजे माझी वेणी तेलात टिकते की नाही, ते नैवेद्याच्या दिवशीच कळणार होतं.

यंदा धाकटी जाऊ आली. मनानं चांगली आहे ती, उगीच नावं ठेवणार नाही. पण अर्धी रिकामी बॅग आणि मुखवटे गुंडाळायला मऊ धोतर घेऊन आली होती, सासूबाईंच्या सांगण्यावरूनच. नैवेद्याच्या दिवशी तीही सोवळं नेसून तयार होती, माझी वेणी सुटली तर तिने करायची म्हणून. सासूबाई पहिल्यांदाच स्वयंपाकघराबाहेर, उंबऱ्यापाशी खुर्चीवर बसल्या होत्या. माझं मौन. पेड वळले, टोक पेडाखालून घेतलं, करंगळीवरून वर आणलं, दाबलं. वेणी झाऱ्यावर ठेवली आणि तेलात सोडली.

ती तळाला गेली, बुडबुड्यांत दिसेनाशी झाली. मग वर आली, अख्खी, सावकाश फुगत, तिन्ही पेड जागच्या जागी. गुलाबी झाली तरी सुटली नाही. मला बोंब ठोकावीशी वाटली, पण मौन! ओठ दाबून बसले तर डोळ्यांतूनच बाहेर यायला लागलं.

आणि माझ्यामागे सासूबाई ओरडल्या, खुर्चीतून उठून, भिंतीला धरून, "नाही सुटली! अगं नाही सुटली हिची! धाकटे, ती बॅग बंद कर जा. मुखवटे कुठं जात नाहीत!"

मी वळले. त्या दोन्ही हातांनी डोळे पुसत होत्या आणि हे टाळ्या वाजवत होते. मला बोलता येत नव्हतं. म्हणून मी झारा उचलला आणि कढईची कड वाजवली, टणटण, टणटण, चारी मजल्यांना ऐकू जाईल अशी.