भिशीत निघालेला पाचवा खंड

मी पेणची. आमच्या घरी गणपतीचा कारखाना. आधी माती, मग रंग, सगळ्यात शेवटी डोळे. आधी डोळे आखून मग मूर्ती केली, असं अख्ख्या पेणात कोणी केलं नसेल. रोह्याला सून म्हणून आले आणि बघते तर इथे सगळाच उलटा कारभार!

आळीतल्या सात बायकांची भिशी होती, त्यात सासूबाई आणि मीही. एका वर्षी ठरलं, भांडी पुरे झाली, यंदा पुस्तकं. सात खंडांची कादंबरी आली. एकाच घराण्याची, लग्नं, बाळंतपणं, भाऊबंदकी, सगळं भरभरून. शहाण्या माणसांनी पहिला खंड वाचून पुढे दिला असता. पण भिशी म्हणजे भिशी, चिठ्ठ्या टाकल्या. मी म्हटलं, "अहो, पाचव्यापासून वाचायला कोण सुरुवात करतं?" तर भिशीच्या मुख्य बाई म्हणाल्या, "मग पहिला निघेल तिचे लाड करायचे? सगळ्यांना सारखा न्याय." न्याय झाला. सासूबाईंना पहिला, मला पाचवा, शेजारच्या भाभीला सातवा.

मग काय विचारता! एकच घराणं आळीत एकाच वेळी जन्मत होतं, लग्न करत होतं आणि मरत होतं. नळावर एकजण थोरल्याच्या बारशाचं कौतुक सांगायची, तर दुसरी डोळ्याला पदर लावायची, "कसलं बारसं गो, गेला बिचारा!" चौथा खंड निघालेल्या बाईंनी त्यावर महिनाभर लोणच्याची बरणी ठेवली होती, आणि कादंबरीवर सगळ्यात जास्त मतं त्याच बाईंची.

आमच्या घरात मात्र सासूबाई आणि मी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं हो, भांडायला तरी तोंड उघडावं लागतं. नवरा धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला की आडवा. दुपारी मला इतकं एकटं वाटायचं की पेणची एसटी दिसली तरी रडू यायचं.

पाचव्या खंडात धाकटी सून माहेरी निघून गेलेली, आणि घरात दोन चुली. त्या मुळात कशाने झाल्या, ते पहिल्या खंडात. शेवटी लाज सोडून सासूबाईंना विचारलं. "बस, सांगते," म्हणाल्या आणि दिवेलागण झाली तरी सांगतच होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि काय गो, तो पाळण्यातला धाकटा जगतो ना?"

"जगतो की! लग्न झालंय त्याचं. बायको माहेरी गेलीय."

"अगो बाय! कशापायी?"

"सासू बोलत नाही म्हणून."

सासूबाईंनी पदर खोचला. मग फणकारल्या, "मेलीच्या तोंडाला काय कुलूप हाय?"

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही त्या घराण्याची उणीदुणी काढू लागलो. सहा खंड अदलाबदलीत वाचून झाले. सातव्याच्या वेळी भाभीला नवऱ्याने कुवेतला बोलावून घेतलं, आणि घाईत तिचा अर्धवट वाचलेला खंडही ट्रंकेत गेला. धाकटी सासरी परतते की नाही, कोणालाच कळेना. मग आम्हीच शेवट रचू लागलो. सासूबाईंची सून रोज परत यायची. माझी, आमचं वाजलं असेल त्या दिवशी, मुळीच यायची नाही. हो, आता आम्ही भांडतही होतो!

पुढे भाभी सुट्टीवर आली आणि खजुराबरोबर खंड देऊन गेली. मी अधाशासारखं शेवटचं पान उघडायला गेले. सासूबाईंनी पुस्तक हातातून काढून घेतलं आणि फडताळात पार वर ठेवलं.

"वाचायचा नाय."

"अहो आई, ती येते का, एवढं तरी बघू द्या!"

"मंग दुपारची तू माझ्याशी कशाचं बोलशील गो?"

"बोलू की," मी म्हटलं. पण खंड खाली काढा म्हणायला माझी जीभ काही उचलली नाही.