फाट्यावरचा काउंट

"कुठं निघालात?"

"दवाखान्यात."

आमच्या सर्व्हेवाल्या पोरीनं लिहून घेतलं. हा सदतिसावा माणूस आणि सदतिसावाच पेशंट. मी शेजारच्या टपरीपाशी उभी होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

मी ट्रान्सपोर्ट प्लॅनर. म्हणजे बस कुठवर जावी, किती वाजता सुटावी, हे कागदावर ठरवणारी. हिंगोलीत सिटी बस येणार होती. ती शहराबाहेर सात किलोमीटरवरच्या या फाट्यापर्यंत वाढवायची का, हे पॅसेंजर काउंटवर ठरणार होतं. त्यात विशेष काही नाही. स्टॉपवर माणसं मोजायची आणि कुठं जाता ते विचारायचं.

या माणसांच्या हातात ना पिशवी, ना डबा. गावचे पुढारी आप्पा यांच्या दोन जीपा त्यांना आणून सोडत होत्या.

"आप्पा, हे काय लावलंय?"

"मॅडम, मुंबईहून फोन आलता. फाट्यावर गर्दी दाखवा, बस तुमचीच म्हणले. सरकार आपलंच हाय."

खऱ्या पॅसेंजर मला पहाटेच भेटल्या होत्या, काउंट सुरू व्हायच्या आधी. तांड्यावरच्या अकरा बाया. हिंगोलीतल्या हळदीच्या कारखान्यात कामाला, सातला हजेरी. जीप आठशिवाय मिळत नाही, म्हणून पायी निघालेल्या.

"ताई, सात वाजले की गेट बंद," त्यांच्यातली शांताबाई म्हणाली. "माझे चार खाडे झाले. पाचवा झाला की दुसरी बाई ठेवतो म्हणून राहिला मुकादम."

मी पुण्याला बॉसला फोन लावला. "सर, काउंट बोगस आहे, आप्पांनी माणसं आणून उभी केलीत. खऱ्या पॅसेंजर अकराच बाया. पुन्हा घेऊ."

"आचारसंहिता लागायच्या आत फाइल मंत्रालयात पाहिजे. आणि नुसत्या अकरा बायांवर रूट मंजूर होईल का? आप्पांची माणसं राहू दे. त्यातच तुझ्या बाया घाल आणि सहाची फेरी टाक. सगळे खूश."

मला पटलं नव्हतं. सही मात्र मीच केली. रूट मंजूर झाला. मोठ्या तोऱ्यात तांड्यावर जाऊन मी सहाच्या बसचं सांगून आले. बायांनी मला चहा पाजला.

बस यायच्या आत निवडणूक झाली. सरकार बदललं, परिवहन खातं दुसऱ्या पक्षाकडे गेलं आणि जुन्या मंजुऱ्या तपासायचा हुकूम निघाला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं फॉर्म चाळले.

"मॅडम, एवढं गाव एकाच सकाळी दवाखान्यात? साथ आली होती का?"

निदान सहाची फेरी तरी ठेवा, म्हणून मी गयावया केली.

"कोणत्या कागदावर ठेवू? काउंट तर हाच आहे ना?"

रूट रद्द झाला. बस शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या पुढाऱ्यांच्या कॉलनीकडे वळली. तिथला काउंट कुणी घेतला, मला माहीत नाही. विचारायचं तोंडही राहिलं नव्हतं.

कुठेच चैन पडेना, म्हणून पुन्हा तांड्यावर गेले. शांताबाई भरदुपारी घरीच होती. पाचवा खाडा झाला होता. मी सगळं खरं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं.

"ताई, आमी अकरा व्हतो, तर अकराच लिहायचं. त्यांच्यात आमाला काहून मिसळलं?"

काय सांगणार कपाळ! सरकारं बदलतात, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. अकरा बायांचा खरा कागद मी कुठल्याही सरकारपुढे ठेवू शकले असते. तो मी केलाच नाही.